डावीकडची नावं

सकाळी साडेसातला थोमाई चौथ्या मजल्यावरून खाली यायची, बस जाऊ द्यायची, रस्ता ओलांडायची आणि नऊ पायऱ्या उतरून चर्चचं दार उघडायची. आत गेल्यावर दिवा लावण्याआधी तिचं एक काम ठरलेलं असायचं. कोटाच्या खिशातून जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा काढायचा, त्यावर थोडं व्हिनेगर घ्यायचं आणि मरियामातेच्या चित्रावरच्या काचेवरून कालच्या दिवसाचे ओठ पुसायचे.

येणारा प्रत्येक जण त्या काचेला ओठ टेकवून जाई, त्यामुळे संध्याकाळपर्यंत काच ठशांनी भरलेली असे. कुठला ठसा कुणाचा हे थोमाईला कळायचं. शेजारच्या मेल्पोचा गडद, मनुकांच्या रंगाचा. बँकेतल्या मुलीचा फिकट, आणि घाईत एका बाजूला ओढला गेलेला. पुरुषांचे नुसतेच धुरकट. सगळे एकाच फडक्यात जायचे. मग ती वात कापायची, तेल ओतायची, दिवा लावायची आणि दहा मिनिटं बसायची.

चर्च सातशे वर्षांचं होतं. थेसालोनिकी शहर त्याच्याभोवती वर वर चढत गेलं आणि ते होतं तिथेच राहिलं, म्हणून आता ते रस्त्याच्या पातळीखाली गेलं होतं. तीन बाजूंना आठ आठ मजल्यांच्या इमारती, चौथ्या बाजूला बसथांबा. वरच्या बाल्कन्यांत वाळत घातलेल्या चादरींचं पाणी कधीकधी घुमटाच्या कौलांवर ठिबकायचं. आसपासचे लोक त्याला 'खड्ड्यातलं' म्हणायचे. त्याच्या संताचं नाव फक्त पुरातत्त्व खात्याच्या पत्रांवर असायचं. किल्ल्या दोन. एक फादर स्तेर्गिओस यांच्याकडे, दुसरी थोमाईकडे. ती समोर राहते आणि तिला झोप कमी आहे, एवढ्याच कारणाने.

तिची बसायची जागा दक्षिणेकडच्या भिंतीला लागून होती. छतातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या भिंतीवर रंगवलेला संत डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गळून पडला होता. उरली होती ती दोन पावलं आणि झग्याची किनार. लालवर पिवळे ठिपके, एकसारख्या अंतराने, आणि एका जागी रंगवणाऱ्याचा हात हलून ठिपका बाहेर गेलेला. थोमाईने एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या होत्या. तो बाहेर गेलेला ठिपका तिने पहिल्याच दिवशी हेरला होता. आता ती नुसतीच त्याच्याकडे बघत बसायची. मनात काही चाललेलं नसायचं.

हे असं सुरू होऊन तीन वर्षं उलटली होती.

तिचा नवरा आर्गिरिस लिफ्टचा मिस्त्री होता. त्या भागातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या. एका ऑगस्टमध्ये, अर्धं शहर समुद्रावर गेलेलं असताना, गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत त्याला झटका आला. तीन दिवस हॉस्पिटलात काढून चौथ्या दिवशी तो गेला. थोमाईने जे करायचं ते सगळं केलं. निळा सूट ब्रश केला. स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला, सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे गहू उकडले, त्यात डाळिंबाचे दाणे आणि बदाम घातले, वर पिठीसाखरेचा थर देऊन त्यावर चंदेरी साखरगोळ्यांनी क्रूस काढला. हात करत होते. ती शेजारी उभी राहून बघत होती.

रडू आलं नाही. लोक वाट बघत होते, म्हणून तिनेही थोडी वाट बघितली. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, बोट लावलं तर कुणा दुसऱ्याला लावल्यासारखं वाटतं, तसं तिचं सगळंच झालं होतं. डॉक्टरकडचं ते दोन तासांत उतरतं. हे उतरलं नाही.

शनिवारी सकाळी खड्ड्यातल्या चर्चमध्ये उपासना असायची, आणि येणारे फादरांकडे नावांचा कागद द्यायचे. कागदाला मधोमध घडी. डावीकडे जिवंत माणसं, त्यांच्या आरोग्यासाठी. उजवीकडे वर एक छोटा क्रूस आणि खाली गेलेली माणसं, त्यांच्या शांतीसाठी. आडनाव लिहायचं नाही, फक्त बाप्तिस्म्याचं नाव; कोण कुणाचं ते देवाला ठाऊक असतं. फादर सगळी नावं वाचत.

आर्गिरिसच्या चाळिसाव्यानंतरच्या शनिवारी थोमाईने कागद दिला तेव्हा फादर स्तेर्गिओस यांनी चष्मा वर केला, मग खाली केला.

"उजवीकडे काहीच नाही?"

"नाही."

"आईचं? वडिलांचं?"

"या वेळी राहू द्या."

डावीकडे पाच नावं होती. कोझमास, म्हणजे तिचा मुलगा, तो जर्मनीत. दानाई, त्याची मुलगी. मेल्पो, शेजारीण. एफ्रोसिनी, म्हणजे तिची मोठी बहीण फ्रोसो. आणि शेवटी, नेहमीच्या जागी, आर्गिरिस.

फादरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाचही नावं वाचली, पाचवं थोडं हळू. पुढच्या शनिवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. फादर स्तेर्गिओस सत्तरीचे होते, त्यांनी बरीच माणसं पाहिली होती.

तिला वेड लागलेलं नव्हतं. पेन्शनच्या कचेरीत तिने स्वतःच्या हाताने त्याच्या नावापुढे 'मयत' लिहिलं होतं. महिन्यातून दोनदा ती कबरीवर जाऊन दिव्यात तेल घालून यायची. पण घडीचा कागद समोर घेऊन पेन उजव्या बाजूला न्यायचं म्हटलं की हात मनगटापाशी थांबायचा. आई-वडिलांची नावं तिथे लिहिली असती, तर आर्गिरिसचं डावीकडे राहणं खोटं दिसलं असतं. उजवी बाजू कोरी असली की कागद गप्प राहायचा. म्हणून तिने सगळ्याच मेलेल्यांना थांबवून ठेवलं होतं.

मग स्मशानाच्या कचेरीतून पत्र आलं. तिथे कबर तीन वर्षांसाठी मिळते. शहरात माणसं जास्त आणि जमीन थोडी. तीन वर्षं झाली की घरच्यांनी येऊन कबर उघडायची, हाडं वाइनने धुवायची आणि पेटीत घालून अस्थिगृहात ठेवायची. पहिलं पत्र सप्टेंबरात आलं, ते तिने ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसरं जानेवारीत आलं, ते फळांच्या टोपलीखाली गेलं.

फ्रोसो त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. आर्गिरिस गेल्यापासून तिने लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता. जिन्याने धापा टाकत वर यायची, हातात झाकलेलं भांडं घेऊन. त्या दिवशी तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि टोपली सरकवली.

"हे काय आहे?"

"संत्री."

"संत्र्यांच्या खाली?"

फ्रोसोने चष्मा नसल्यामुळे पत्र हातभर लांब धरून वाचलं.

"एकतीस मार्च शेवटची तारीख. वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"मग काय. मार्चला अवकाश आहे."

"तारीख टळली की काय करतात ठाऊक आहे ना? सगळ्यांची हाडं एका खड्ड्यात. आर्गिरिस कुठला आणि शेजारच्या कबरीतला तो दारुडा कुठला, देवालासुद्धा निवडता यायचं नाही."

"देवाला येईल."

"देवाला येईल गं. तू मेणबत्ती कुठे लावणार?" फ्रोसो खुर्चीत बसली. "कोझमासला सांगितलंस?"

"तो म्हणतो, तू म्हणशील तेव्हा येतो."

"मग म्हण की. जीभ जड झालीय?"

थोमाईने भांड्यावरचं झाकण उचललं. आत पालक-भात होता. वाफ चेहऱ्यावर आली, वास आला नाही.

"शेपू घातलास का यात?"

"मूठभर घातलाय. खालच्या मजल्यापर्यंत दरवळतोय, तुला कसा येत नाही?" फ्रोसो तिच्याकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि आईचं काय? तीन वर्षं झाली तू तिचं नाव दिलं नाहीस."

"तू देतेस ना."

"मी देते. पण माझं दिलेलं तिला कधी पुरलंय? मी केलेल्या जेवणात ती आयुष्यभर खोड काढायची. तुझ्या हातचं करपलेलंही गोड लागायचं तिला. ती तिकडे बसून वाट बघत असेल, थोमाईच्या तोंडून कधी माझं नाव निघतंय म्हणून."

"ताट घे," थोमाई म्हणाली. "गार होईल."

दोघी जेवल्या. थोमाईने सगळं संपवलं, कारण ताटात होतं. फ्रोसो जाताना पत्र टोपलीवर ठेवून गेली, संत्र्यांच्या वर, उघडं. थोमाईने ते पुन्हा खाली सरकवलं नाही. उचललंही नाही.

फेब्रुवारीत आत्म्यांचा शनिवार येतो. त्या दिवशी जिवंतांसाठी काही मागायचं नसतं. सगळे फक्त गेलेल्यांची नावं आणतात आणि उकडलेल्या गव्हांची ताटं. त्याच आठवड्यात फादर स्तेर्गिओस बाथरूममध्ये घसरले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. त्यांच्या जागी दुसऱ्या भागातून एक तरुण पाद्री आले, फादर इलियास. दाढी नुकती भरू लागलेली, आवाज चांगला. या चर्चमध्ये ते पहिल्यांदाच येत होते, आणि येताना पायऱ्या चुकवून शेजारच्या टायरच्या दुकानात शिरले होते, हे मेल्पोने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

चर्चमध्ये पंचवीसेक माणसं मावायची, त्या दिवशी चाळीस होती. गव्हांची ताटं एका टेबलावर दाटीने मांडलेली, प्रत्येकात एक मेणबत्ती. थोमाईने गहू आणले नव्हते. ती शनिवारी येते म्हणून आली होती, आणि शनिवारी कागद देते म्हणून कागद आणला होता. रांगेत पुढे सरकून तिने तो टोपलीत टाकला, बाकीच्यांच्या कागदांवर. जिवंत की गेलेले, असा मथळा लिहायची तिला सवय नव्हती. फादर स्तेर्गिओसना कधी गरज पडली नव्हती.

फादर इलियास वाचू लागले. भराभर, एका सुरात, पण शब्द स्पष्ट. प्रत्येक कागद संपला की, "यांच्या आत्म्यांना शांती दे," म्हणायचे आणि पुढचा उचलायचे. मेल्पोच्या कागदावर सतरा जण होते. टायरवाल्याच्या कागदावर तीन. मग त्यांनी घडीचा एक कागद उलगडला, डावी बाजू पाहिली, उजवी कोरी पाहिली, आणि त्याच सुरात वाचलं.

"कोझमास. दानाई. मेल्पो. एफ्रोसिनी. आर्गिरिस. यांच्या आत्म्यांना शांती दे."

मागून कुणीतरी श्वास आत ओढला. फादरांनी पुढचा कागद उचलला होता.

"थांबा जरा," फ्रोसो म्हणाली. "फादर, एफ्रोसिनी मी."

फादरांनी वर पाहिलं.

"अजून उभी आहे," फ्रोसो म्हणाली. "गुडघे दुखतायत, पण उभी आहे."

"आणि मी मेल्पो," मेल्पो म्हणाली. "पहाटेपासून गहू ढवळतेय. मेले असते तर निदान झोपले तरी असते."

कुणीतरी हसलं, कुणीतरी तीनदा छातीवर क्रूस केला, एका म्हातारीने अशुभ टळावं म्हणून कॉलरमध्ये तीनदा थुंकल्यासारखं केलं. फादर इलियास यांचा चेहरा दाढीच्या वरपर्यंत लाल झाला. त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला.

"यावर क्रूस नाही," ते म्हणाले. "काहीच लिहिलेलं नाही. आज आत्म्यांचा शनिवार, म्हणून मला वाटलं... कुणाचा कागद आहे हा?"

कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. थोमाईने हात वर केला. कारखान्यात मुकादमीण सदोष कॉलर हातात धरून विचारायची तेव्हा करायची तसाच, कोपर अंगाशी ठेवून.

"माझा."

"किरा-थोमाई ना? माफ करा." नाव त्यांना बहुधा रांगेत कुणीतरी सांगितलं होतं. किरा म्हणजे बाई, आणि माफी त्यांनी मनापासून मागितली होती. "आपण आत्ताच दुरुस्त करू. हयात असलेल्यांसाठी मी वेगळी प्रार्थना म्हणतो, म्हणजे कुणाच्या मनात किंतू राहायला नको." त्यांनी झग्याच्या आतून पेन्सिल काढली. तिचं टोक चावलेलं होतं. "मी एकेक नाव घेतो, तुम्ही सांगा. कोझमास?"

"हयात. जर्मनीत आहे."

पेन्सिलीची खूण.

"दानाई?"

"नऊ वर्षांची आहे."

"देव मोठी करो. मेल्पो?"

"आता किती वेळा सांगू," मेल्पो म्हणाली.

"एफ्रोसिनी?"

"तुमच्या नाकासमोर."

पुन्हा थोडं हसू. फादरही कसंनुसं हसले. मग त्यांनी पाचव्या नावावर पेन्सिल टेकवली.

"आर्गिरिस?"

वर रस्त्यावर बस थांबली. तिचे दरवाजे उघडल्याचा सुस्कारा नऊ पायऱ्या उतरून आत आला. फ्रोसो आयुष्यात कधी दुसऱ्याचं उत्तर द्यायची थांबली नव्हती. ती गव्हांच्या ताटाकडे बघत राहिली आणि थांबली. मेल्पोही थांबली. टायरवाल्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

फादर इलियास यांना काहीच माहीत नव्हतं. ते वाट बघत होते, एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, समजूतदारपणा नव्हता. एक काम अर्धं राहिलंय आणि ते नीट पुरं करायचंय, इतकंच होतं. थोमाईला ते बरं वाटलं असं नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघता येत होतं.

"ते एक नाव बरोबर वाचलंत," ती म्हणाली.

"बरं," फादर म्हणाले. "म्हणजे चार."

आणि त्यांनी त्या चौघांच्या आरोग्यासाठी प्रार्थना म्हटली, सावकाश, एकेक नाव तोडून. आर्गिरिसचं नाव पुन्हा घेतलं नाही, कारण ते आधीच घेऊन झालं होतं. मग पुढचा कागद उचलला.

थोमाई जागेवर जाऊन बसली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. आत काही तुटेल, निदान हलेल. ती वाट बघत बसली, जशी तीन वर्षांपूर्वी बसली होती. काही झालं नाही. गुडघ्यावर ठेवलेले हात तसेच होते. उपासना संपली, मेल्पोने तिच्या हातात कागदी पेला दिला, तिने गहू चावले. दाणे मऊ शिजले होते, एवढं दातांना कळलं.

वर रस्त्यावर आल्यावर फ्रोसोने तिचा दंड धरला.

"भर चर्चमध्ये मला मारलंस."

"मी कुठे. फादरांनी."

"कागद तुझा. माझं नाव आणि लगेच शांती. मला वाटलं, अगं बाई, मला कुणी कळवलंसुद्धा नाही." बस निघून गेली. मग तिने दंड न सोडता विचारलं, "मंगळवारी जाऊ या स्मशानात?"

"मंगळवार अशुभ."

"मग बुधवारी."

"बुधवारी," थोमाई म्हणाली.

कचेरीने सांगितलेल्या कागदावर तिने सही केली आणि मार्चच्या पहिल्या बुधवारी दोघी बहिणी स्मशानात गेल्या. कोझमासला तिने आधी कळवलं नाही. विमानाने यायचं, दोन तास उभं राहायचं, परत जायचं. आणि शिवाय त्याने आपल्या चेहऱ्याकडे बघत राहावं हे तिला नको होतं.

खणणारे दोघे होते, आणि हाडं धुणारी एक बाई, निळ्या एप्रनमध्ये, तिचं नाव वासो. फादर इलियास आले. तिथल्याच पाद्रीकडून भागलं असतं, पण फ्रोसोने त्यांना फोन केला होता. तुम्ही मला मारलंत तर एवढं तरी करा, असं म्हणून. प्रार्थना छोटी होती. माती मऊ होती, पाऊस होऊन गेला होता. फावडं लाकडाला लागलं तेव्हा आवाज आला, आणि थोमाईने तो आवाज ऐकला. नंतर खालच्या माणसाने एकेक हाड वर दिलं आणि वासोने ते वाइनच्या तसराळ्यात धुऊन पांढऱ्या चादरीवर मांडलं, उन्हात.

"बघ," फ्रोसो हळूच म्हणाली. "पिवळी आहेत. मेणासारखी पिवळी. भला माणूस होता."

पिवळी हाडं भल्या माणसाची, काळी पडलेली वाईटाची, असं तिकडे मानतात. थोमाईने मान हलवली. ती हाडांकडे बघत नव्हती. चादरीच्या कडेला वासोने मातीतून निघालेलं बाकीचं ठेवलं होतं. बुटाचा सोल, पट्ट्याचं बक्कल, आणि शर्टाची बटणं. कापड गेलं होतं. बटणं तशीच होती, पांढरी, चार चार भोकांची.

ती खाली वाकली आणि बोटाने ती सारखी करू लागली.

"सहाच आहेत," ती म्हणाली.

"काय?" वासोने विचारलं.

"पुढच्या पट्टीला सात असतात. गळ्याचं धरून. एक कमी आहे."

खड्ड्यातल्या माणसाने वर पाहिलं. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. "बाई, मातीत गेलं असेल," तो म्हणाला. "छोटं असतं."

"गळ्याचं छोटंच असतं," थोमाई म्हणाली. "वरच्या बाजूला बघा. उशीच्या जागी."

तो बघत बसला असता की नाही कोण जाणे, पण फादर इलियास झगा आवरून कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी उकरून वर टाकलेली माती हाताने चाळायला सुरुवात केली. मग तोही वाकला. बराच वेळ दोघं माती चाळत राहिले. शेवटी त्यानेच ते वर केलं, अंगठा आणि बोटात धरून, चिखलाने काळं झालेलं.

थोमाईने ते कोटाच्या बाहीला पुसलं, बाकीच्या सहांशेजारी ठेवलं आणि सरळ उभी राहिली. वासोने विचारलं, "पेटीत घालू यांनाही?" ती म्हणाली, "घाला." एवढंच. पेटी पत्र्याची होती, वर नावाची पट्टी आणि फोटोची काच. फोटो फ्रोसोने आणला होता, आर्गिरिस लिफ्टच्या दारात उभा, हातात पाना.

दुसऱ्या दिवशी तिने कोझमासला फोन करून सांगितलं. पलीकडे तो रडू लागला. ती ऐकत राहिली. फोन कानाला गरम लागू लागला तेव्हा तिने तो दुसऱ्या कानाला लावला.

त्या शनिवारी तिने कागदाला घडी घातली. डावीकडे चार नावं लिहिली. मग पेन उजवीकडे नेलं, क्रूस काढला आणि खाली आईचं नाव लिहिलं, स्तामातिया. मग वडिलांचं. मग कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या दोघींची. एका आतेभावाचं, ज्याची तीन वर्षांत आठवणही झाली नव्हती. आर्गिरिस सर्वांत शेवटी. नव्याने आलेला, म्हणून शेवटी. कागद संपला तेव्हा उजवी बाजू डावीच्या दीडपट लांब झाली होती.

ईस्टरनंतर फादर स्तेर्गिओस काठी घेऊन परत आले. त्यांनी कागद उघडला, चष्मा वर केला, खाली केला. "पाय कसे आहेत तुमचे?" त्यांनी थोमाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरे."

बधिरपणा गेला असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. कुणाच्या लग्नात ती खुर्चीत बसून राहायची आणि टाळ्या वाजल्या की वाजवायची. उन्हाळ्यात कोझमास दानाईला घेऊन आला, मुलीने आजीच्या गळ्यात हात टाकले, आणि थोमाईने तिच्या फ्रॉकच्या शिवणीवरून बोट फिरवलं, शिवण चांगली होती. पण मेल्पो सांगायची की एकदा, सप्टेंबरात, भाजी निवडताना थोमाई मध्येच थांबली, शेपूची जुडी नाकाशी नेली आणि म्हणाली, "आज येतोय जरासा." नंतर पुन्हा त्याबद्दल बोलली नाही, आणि मेल्पोनेही विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी जेवल्यावर ती आडवी झाली आणि उठली नाही. फ्रोसोला ती पाच वाजता सापडली, अंगावर शाल नीट ओढलेली. त्या सकाळबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. तिने काच पुसली, दिवा लावला, माणसं जमेपर्यंत आपल्या जागी बसली. गारठा होता, घुमटाखाली सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. उपासना सुरू होण्याआधी ती उठून पुढे गेली आणि फादर स्तेर्गिओस यांच्या हातात कागद देत म्हणाली, "चष्मा वर राहिलाय, फादर. अक्षर लागलं नाही तर विचारा, मी इथेच बसलेय."